‘बरं हाय’चा अर्थ

देवणीकडच्या गावांत ‘तब्येत कशी आहे?’ विचारलं की उत्तर ठरलेलं, ‘बरं हाय, माय.’ या दोन शब्दांपाशी मी एका उन्हाळ्यात पुरती अडले.

एसएफ-३६ ही अमेरिकेत १९९२ साली प्रसिद्ध झालेली प्रश्नावली घेऊन मी घरोघर हिंडत होते. रोग कोणता, हे ती विचारत नाही. दुखण्यासकट माणसाचे दिवस कसे जातात, हे विचारते. भाषांतराची रीत कडक. एकाने मराठीत आणायचं, मूळ न पाहिलेल्या दुसऱ्याने परत इंग्रजीत न्यायचं, मग दोन्ही ताडून पाहायचं.

मुळात मध्यम मेहनतीच्या कामांत टेबल सरकवण्याबरोबर गोल्फ होता. आम्ही पाण्याची घागर लिहिली. पण केवढी, किती लांबून? यावर दोन दिवस गेले. ‘गेले चार आठवडे’ ऐकून बायका बोटं मोजत. ‘मागचे चार बाजार’ म्हटलं की लगेच आठवे.

खरा घोटाळा पहिल्याच प्रश्नात होता. पाच उत्तरं: उत्कृष्ट, खूप चांगली, चांगली, बरी, वाईट. खालून दुसऱ्या पायरीवरच्या ‘फेअर’ला आम्ही ‘बरी’ म्हटलं, उलट भाषांतरात ते ‘फेअर’ म्हणूनच परतलं. कागद बिनचूक होता. पण आमच्याकडे पोर बरं झालं म्हणजे दुखणं गेलं. धडधाकट माणसं ‘बरी’ सांगत होती आणि आमच्या हिशेबात आजाऱ्यांच्या शेजारी जाऊन बसत होती.

मला आजोबा आठवले. सप्टेंबर १९४८ पर्यंत इथे निजामाचं राज्य, कचेरीचा कारभार उर्दूत. आमचा तेव्हाचा उदगीर तालुका तर १९५६ पर्यंत बीदर जिल्ह्यातच. आजोबा पैसे देऊन अर्ज लिहून घेत. ते मराठीत सांगत, लिहिणारा उर्दूत उतरवी, आजोबा अंगठा उठवत. काय लिहिलं, ते त्यांना कुणी कधी वाचून दाखवलं नाही. म्हणून भाषांतरानंतर माणसांपुढे बसून ‘यातून तुम्हाला काय कळलं?’ विचारण्याची जी पायरी आहे, ती मला सगळ्यांत मोलाची वाटते. वेळ नाही म्हणून पुष्कळदा तीच गाळतात.

आम्ही ‘बरी’ खोडून ‘जेमतेम’ घातलं. आधी ‘बरी’ सांगितलेल्या एका आजीकडे पुन्हा गेले.

‘आजी, जेमतेम लिहू का?’

‘जेमतेम? का गं बाई? सकाळधरनं पायलीभर ज्वारी निवडली की मी!’