सूड नाकारणारी शिकवण आणि पंडिता रमाबाई

वाइटाची फेड वाइटाने न करता चांगल्याने करावी, हे ख्रिस्ती नीतिविचाराचे एक मध्यवर्ती सूत्र आहे. मत्तयकृत शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायात येणाऱ्या येशूच्या डोंगरावरील प्रवचनात त्याचे मूळ सापडते. दुसरा गाल पुढे करण्याचा वाक्प्रचार तेथूनच मराठीत आला. मात्र आपल्याकडे तो बहुधा दुबळेपणाची थट्टा करण्यासाठी वापरला जातो. मूळ शिकवण तशी नाही.

मोशेच्या नियमशास्त्रात डोळ्याच्या बदल्यात डोळा, असा दंड आहे. बदला अपराधाहून मोठा होऊ नये, अशी मर्यादा त्यातून पडत असे. येशूने त्याही पुढे जाऊन सुडाचा विचारच सोडण्यास आणि शत्रूचे हित चिंतण्यास सांगितले. संत पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या बाराव्या अध्यायात त्याचा व्यवहार स्पष्ट केला. सूड आपण घेऊ नये, तो न्याय देवावर सोपवावा आणि वैरी भुकेला असेल तर त्याला जेवू घालावे, असे तो सांगतो.

मात्र अन्यायापुढे मौन पाळावे, असा याचा अर्थ नाही. योहानकृत शुभवर्तमानानुसार चौकशीच्या वेळी शिपायाने थप्पड मारली, तेव्हा येशूने हात उगारला नाही. पण मारण्याचे कारण त्याला विचारले.

केडगावचे उत्तर

महाराष्ट्रात या शिकवणीच्या दोन्ही बाजू पंडिता रमाबाईंच्या (१८५८-१९२२) चरित्रात दिसतात. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. १८८९ मध्ये मुंबईत विधवांसाठी 'शारदा सदन' सुरू केले व पुढच्याच वर्षी ते पुण्यास हलवले. सदनात धर्मप्रसार होतो, असा आरोप होऊन १८९३ मध्ये मोठे वादळ उठले. 'केसरी'ने कठोर टीका केली, न्यायमूर्ती रानडे व डॉ. भांडारकर यांनी सल्लागार मंडळ सोडले आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या.

१८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी, निराधार अशा सुमारे ३०० मुली-स्त्रियांना घेऊन आल्या. पुणे जिल्ह्यातील केडगाव येथे 'मुक्ती सदन' उभे राहिले. पाठोपाठच्या १९०० च्या दुष्काळानंतर तेथील संख्या हजारावर गेली. शिक्षणाबरोबरच विणकाम, शेती, छपाई असे व्यवसाय तेथे शिकवले जात. ज्या समाजाने पाठ फिरवली, त्याच समाजाने टाकलेल्या स्त्रियांना तेथे आसरा मिळाला. या मुलींच्या धर्मांतरावरून मात्र रमाबाईंवर टीका होत राहिली आणि तो वाद आजही संपलेला नाही.

रमाबाई गप्पही बसल्या नाहीत. १८९७ मध्ये पुण्यातील प्लेगच्या बंदोबस्तात स्त्रियांची होणारी विटंबना त्यांनी 'बॉम्बे गार्डियन' या ख्रिस्ती पत्रातून उघड केली. गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांनी त्यांचे आरोप फेटाळले. याच बंदोबस्ताविरुद्ध 'केसरी'ही लिहीत होता. चार वर्षांपूर्वी ज्या पत्राने रमाबाईंवर झोड उठवली, त्याच्याच गाऱ्हाण्याला एका ख्रिस्ती स्त्रीची साक्ष मिळाली. जुन्या वैराचा हिशेब त्यांनी येथे मांडला नाही.

अखेरच्या वर्षांत त्यांनी हिब्रू व ग्रीक भाषांवरून बायबलचे सोप्या मराठीत भाषांतर केले. ते त्यांच्या निधनानंतर १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले. शत्रूवर प्रीती करण्याची आज्ञा देणारा तो अध्याय अशा रीतीने रमाबाईंच्या मराठीतही वाचकांसमोर आला.