दोन शिरगणत्यांच्या मधली मुळशी

आजचा विषय शाळेच्या भूगोलातला आहे. लोकसंख्या, स्थलांतर आणि जनगणना. पाठ्यपुस्तकातलं सूत्र सोपं असतं. दोन जनगणनांच्या मधले जन्म मिळवायचे, मृत्यू वजा करायचे. आलेले मिळवायचे, गेलेले वजा करायचे. उरेल ती वाढ किंवा घट. सूत्र बरोबरच आहे. पण त्यातल्या 'गेलेले' या एका शब्दात काय काय दडलेलं असतं, ते आपण मुळशीच्या उदाहरणावरून पाहू.

आपल्याकडे १८७२ साली शिरगणतीला सुरुवात झाली आणि १८८१ पासून ती दर दहा वर्षांनी होऊ लागली. १९२१ ची गणती १८ मार्चच्या रात्री झाली. तेव्हा रीतच तशी होती, त्या रात्री जो जिथं असेल तिथं त्याला मोजायचं. १९११ मध्ये देशात सुमारे २५ कोटी २१ लाख लोक होते, ते १९२१ मध्ये २५ कोटी १३ लाखांवर आले. १९१८ ची इन्फ्लुएंझाची साथ हे त्याचं मोठं कारण. त्यानंतरच्या कुठल्याही जनगणनेत देशाची लोकसंख्या घटलेली नाही, म्हणून भूगोलात १९२१ ला विभाजक वर्ष मानतात.

आता मुळशीकडे या. त्या रात्रीला महिनाही उलटला नव्हता. १६ एप्रिल १९२१, रामनवमी. टाटांच्या वीज कंपनीच्या धरणाविरुद्ध मुळशी पेट्यातल्या शेतकऱ्यांनी सत्याग्रह सुरू केला. विनायकराव भुस्कुटे आणि पुढे सेनापती म्हणून ओळखले गेलेले पां. म. बापट हे त्यांचे पुढारी. लढा १९२४ पर्यंत चालला, पण धरण झालंच. पन्नासएक गावांच्या जमिनी त्यात गेल्या. खाली कोकणात भिऱ्याला वीज तयार होऊ लागली आणि ती मुंबईला गेली.

पुढची शिरगणती १९३१ ची. म्हणजे बघा, एका गणतीत हे खोरं नांदतं होतं, दुसरीत पाण्याखाली. मग उठून गेलेली माणसं स्थलांतरितांच्या तक्त्यात दिसायला हवीत की नाही? इथंच खरी गोम आहे. तेव्हा स्थलांतर ओळखण्याचा प्रश्न एकच होता, जन्म कुठल्या जिल्ह्यातला? समजा, एखादं घर मुळशीतून उठलं आणि पुणे जिल्ह्यातच दुसरीकडे वसलं. जन्म पुणे जिल्हा, राहणं पुणे जिल्हा. कागदावर ते घर हललंच नाही! मुंबईला गेलेला मात्र दिसायचा. पण तो पोटासाठी गेला की जमीन गेली म्हणून, हे कुणी विचारत नव्हतं.

पुढं प्रश्न सुधारले. १९७१ पासून 'यापूर्वी कुठं राहत होता' हे विचारलं जाऊ लागलं, नंतर कारणही. २०११ च्या जनगणनेत कारणं होती ती अशी: काम किंवा नोकरी, व्यवसाय, शिक्षण, विवाह, जन्मानंतर, कुटुंबासह, आणि इतर. त्या मोजणीत देशात सुमारे ४५ कोटी स्थलांतरित निघाले. बायकांच्या बाबतीत विवाह हे सगळ्यात मोठं कारण.

आज याच मुळशी तालुक्यात हिंजवडी आहे. तिथं संगणकाच्या नोकरीसाठी आलेल्या तरुणाला स्वतःचा रकाना आहे. धरणात गाव गेलेल्या माणसाला नाही. त्याची जागा 'इतर'मध्ये, आणि त्याच्या पोरांची 'कुटुंबासह'मध्ये.

आम्ही तत्त्वज्ञान शिकवणारे, आम्हाला इथं एक जुना प्रश्न दिसतो. मोजायचं म्हटलं की वर्ग पाडावेच लागतात, त्याला इलाज नाही. पण वर्ग कोणते, हे आकडे ठरवत नाहीत, माणसं ठरवतात. जे विचारलं गेलं नाही ते घडलंच नाही, असं समजणं हा आपला दोष, गणिताचा नव्हे.

येत्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे. विद्यार्थ्यांनी त्याआधी एक काम करावं. घरातल्या सगळ्यात वडीलधाऱ्या माणसाला तीन प्रश्न विचारावेत. जन्म कुठं, आधी कुठं राहत होता, आणि तिथून का निघालात? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर एका शब्दात घेऊ नये. ते मिळेल तितकं पूर्ण लिहून ठेवावं.