वापरानुभव मूल्यमापन : पद्धतींचा मेळ

सॉफ्टवेअर वापरताना माणसाला काय जमते, किती वेळ लागतो, तो कुठे अडखळतो आणि त्याला कसे वाटते, हे तपासण्यासाठी एकाहून अधिक पद्धती एकत्र योजणे. आयएसओ ९२४१-११ हे मानक (१९९८, सुधारित आवृत्ती २०१८) वापरसुलभतेची तीन अंगे मानते : परिणामकारकता, कार्यक्षमता आणि समाधान. तिन्हींना पुरेल असे एकच माप नाही, म्हणून पद्धतींचा मेळ घालावा लागतो.

रूढ पद्धतींपैकी ह्युरिस्टिक परीक्षण याकोब नील्सेन व रॉल्फ मोलिख यांनी १९९० मध्ये मांडले. त्यात तज्ज्ञ मोजक्या तत्त्वांच्या कसोटीवर प्रत्येक स्क्रीन तपासतात. वापरकर्ता हजर नसतो. वापरचाचणीत वापरकर्त्याला ठरावीक कामे देऊन मनातले विचार मोठ्याने बोलायला सांगतात. जॉन ब्रुक यांच्या १९८६ च्या ‘सिस्टम युजेबिलिटी स्केल’ या प्रश्नावलीत दहा विधाने असून गुण ० ते १०० या पट्टीवर मिळतात. पण कमी गुण पडले तर दोष कोणत्या स्क्रीनवर आहे, हे ती सांगू शकत नाही.

यांपैकी श्रेष्ठ कोणती, यावर १९९० च्या दशकात बराच वाद झाला. ह्यूलेट-पॅकार्डमध्ये रॉबिन जेफ्रीज व सहकाऱ्यांनी एकाच प्रणालीवर चार पद्धती लावून पाहिल्या (१९९१). ह्युरिस्टिक परीक्षणात गंभीर दोष सर्वांत जास्त सापडले, पण क्षुल्लक तक्रारींचाही भरणा झाला. अशा तुलनांची प्रयोगरचनाच सदोष असल्याची टीका वेन ग्रे व मर्लिन सॉल्झमन यांनी १९९८ मध्ये केली. पुढे मोलिख यांच्या अभ्यासात नऊ गटांनी स्वतंत्रपणे हॉटमेल ही ई-मेल सेवा तपासली. एकूण ३१० अडचणी नोंदल्या गेल्या आणि त्यांतल्या सुमारे तीन-चतुर्थांश प्रत्येकी एकाच गटाला दिसल्या होत्या. एका गटाचा, एका पद्धतीचा अहवाल पूर्ण मानणे किती धोक्याचे आहे, हे यातून दिसते.

मेळाचे सर्वांत बोलके उदाहरण अमेरिकेतील नायनेक्स या दूरध्वनी कंपनीचे आहे. ऑपरेटरांसाठी तिथे नवे वर्कस्टेशन घ्यायचे होते. कळा कमी दाबाव्या लागणार, माहिती लवकर दिसणार, म्हणून काम वेगाने होईल अशी सर्वांची अपेक्षा होती. ग्रे, बॉनी जॉन व मायकेल ॲटवुड यांनी (१९९३) दोन वाटांनी तपास केला. एकीकडे प्रत्यक्ष कॉलवर दोन्ही यंत्रांची क्षेत्रचाचणी घेतली. दुसरीकडे कार्ड, मोरान व न्यूएल यांच्या ‘गॉम्स’ प्रतिमानाने बोलणे, ऐकणे, पाहणे व कळ दाबणे यांचा क्षणाक्षणाचा हिशेब मांडला. दोन्हींचा कौल एकच आला : नवे यंत्र जुन्यापेक्षा संथ आहे. वाढीव वेळेचा खर्च वर्षाला जवळपास वीस लाख डॉलर होणार होता. चाचणीने फरक सिद्ध केला, पण कारण दाखवले ते प्रतिमानाने. वाचवलेल्या कळा मुळात ऑपरेटर ग्राहकाशी बोलत असतानाच दाबल्या जात, त्यामुळे वेळ वाचलाच नाही; उलट कॉलच्या शेवटी, दुसरे काही चालू नसताना, कळ दाबण्याचे काम वाढले. नुसती चाचणी झाली असती, तर ऑपरेटर अजून सरावलेले नाहीत असे म्हणून निकाल बाजूला सारता आला असता. नुसत्या कागदी हिशेबावर तर कोणी विश्वासच ठेवला नसता.

व्यवहारात तज्ज्ञ-परीक्षण आधी करणे हिताचे ठरते. उघड चुका दुरुस्त झाल्या की वापरकर्त्यांचा वेळ त्यांत जात नाही. सर्व पद्धतींना तीच कामे लावली, तरच निष्कर्ष एकमेकांशी ताडून पाहता येतात. काम फसले तरी प्रश्नावलीत भरघोस गुण, असाही निकाल येतो. अशा वेळी सरासरी काढणे चूक आहे. विसंगती तशीच नोंदवून तिचा माग काढला, तर खरा दोष हाती लागण्याची शक्यता वाढते.

भारतीय वापरकर्त्यांच्या बाबतीत बोलणे आणि प्रत्यक्ष काम यांतली ही विसंगती तपासणे अधिक महत्त्वाचे आहे. रवी वत्रापू व मॅन्युएल पेरेझ-किन्योनेस यांच्या २००६ च्या अभ्यासात, मुलाखतकार भारतीय असताना भारतीय सहभागींनी दोष आणि सूचना अधिक मोकळेपणाने सांगितल्या. अमेरिकी मुलाखतकारासमोर दोन्हींचे प्रमाण कमी होते. समोरच्याला वाईट वाटू नये म्हणून ‘छान आहे’ म्हणणारा माणूस मराठी घरांतही परका नाही. म्हणून मुलाखतीतील उत्तरांसोबत कामाच्या नोंदीही ठेवाव्या लागतात : कोणत्या टप्प्यावर वापरकर्ता मागे फिरला, कोणते काम अर्ध्यावर सोडले, मदत कुठे मागितली.