मा-हुआंग : परंपरा आणि पुरावा

चीनच्या उत्तरेकडील कोरड्या प्रदेशात, पाने जवळजवळ नसलेले, नुसत्या हिरव्या काड्यांचे एक झुडूप उगवते. त्याचे नाव मा-हुआंग. शेन नोंगच्या नावावर चालत आलेल्या, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या औषधिग्रंथात त्याची नोंद आहे. वैद्य झांग झोंगजिंग यांच्या काढ्यात त्याच्या जोडीला दालचिनीच्या कोवळ्या काड्या, जर्दाळूच्या बिया आणि ज्येष्ठमध असे. घाम न येणारा ताप व धाप यांवर तो द्यावयाचा, आणि घाम सुटला की थांबवावयाचा.

परंपरेचे नाव निघाले की दोन पक्ष पडतात. एकाला जुने ते सारे सोने वाटते, दुसऱ्याला थोतांड. मा-हुआंगचा इतिहास दोघांनाही निरुत्तर करतो.

१८८५ साली जपानी रसायनशास्त्रज्ञ नागाई नागायोशी यांनी या काड्यांतून एफेड्रिन वेगळे काढले. पण त्याचे खरे मोल कळण्यास १९२४ साल उजाडावे लागले. पेकिंगच्या वैद्यकीय महाविद्यालयातील चेन के-हुई व कार्ल श्मिट यांनी प्रयोगांनी दाखविले की, त्याचा परिणाम ॲड्रेनलिनसारखाच होतो. मात्र ते पोटात घेतले तरी लागू पडते आणि अधिक वेळ टिकते. श्वासनलिका सैल होतात, दमेकऱ्याला श्वास मिळतो. जुन्या वैद्यांचे निरीक्षण खरे ठरले.

पुढे व्यापार आला. १९९४ साली अमेरिकेत कायदा झाला आणि अशी 'पूरके' सुरक्षिततेचा पुरावा आधी न देता विकता येऊ लागली. मा-हुआंगच्या गोळ्या वजन उतरविण्यासाठी खपू लागल्या. २००३ साली अनेक चाचण्यांचा एकत्र आढावा घेतला गेला. लाभ काय, तर निष्क्रिय गोळीपेक्षा महिन्याला सुमारे ०.९ किलो अधिक घट, तीही थोड्या काळापुरती. आणि छातीत धडधड, मानसिक व पोटाच्या तक्रारी यांचा धोका दुप्पट-तिपटीहून अधिक. २००४ साली सरकारने ही पूरके बंद केली. तोवर माणसे दगावली होती.

काडी तीच, परंतु तिचा उपयोग, मात्रा आणि मुदत, तिन्ही बदलली. धापेवरील चार दिवसांच्या काढ्याची साक्ष महिनोन्‌महिने घेण्याच्या गोळीला लागू पडत नाही. 'हजारो वर्षांचे' ही अक्षरे मात्र डबीवर तशीच राहतात.

आम्ही कामगार चळवळीतली माणसे. यंत्राला जाळी आहे काय, हे हात तुटण्यापूर्वी विचारावे, एवढे आम्हांस अनुभवाने कळले आहे. औषधाच्या बाबतीतही प्रश्न तोच आहे : पुरावा विक्रीच्या आधी की तिरडीच्या नंतर?