पारदर्शकता

प्रकाश फारसा न शोषता, न विखुरता पलीकडे जाऊ देण्याचा पदार्थाचा गुणधर्म. तो तरंगलांबीनुसार बदलतो, ही यातली कळीची बाब. दृश्य प्रकाशाच्या (सुमारे ४०० ते ७०० नॅनोमीटर) फोटॉनांची ऊर्जा काचेतील इलेक्ट्रॉनांना वरच्या पातळीवर नेण्यास अपुरी पडते, म्हणून काचेतून आरपार दिसते. जंबुपार किरणांचा बराच भाग मात्र ती अडवते. निवडक शोषणातून रंग उपजतो. शुद्ध कुरुविंद हे खनिज रंगहीन असते. त्यात अत्यल्प क्रोमियम असले, तरी हिरवा-पिवळा व जांभळा प्रकाश शोषला जाऊन लालभडक माणिक दिसते. खिडकीच्या काचेची हिरवट कड लोहाच्या अंशामुळे. कुटलेली काच पांढरी दिसते, ती शोषणामुळे नव्हे. असंख्य पृष्ठांवरून प्रकाश विखुरतो म्हणून. या चुऱ्यात काचेइतक्याच अपवर्तनांकाचे तेल ओतले की पारदर्शकता बरीचशी परत येते.