यंत्राचा पहारा

अमेरिकेंतील इंडियाना संस्थानांत रॅल्फ टीटर नांवाचे एक यंत्रशास्त्रज्ञ होऊन गेले. वयाच्या पांचव्या वर्षीं अपघातानें त्यांची दृष्टि गेली. तरी पुढें ते इंजिनांच्या पिस्टन-रिंगा करणाऱ्या एका मोठ्या कारखान्याचे प्रमुख झाले. आपल्या वकिलाच्या मोटारींतून ते जात असत. हे वकीलमहाशय बोलूं लागले कीं गाडी मंदावे, आणि ऐकूं लागले कीं ती वेग घेई. या हिसक्यांनीं टीटर हैराण होत. डोळसांच्या सहसा लक्षांत न येणारी गोष्ट या अंध गृहस्थाला अशी अंगावर जाणवली : माणसाचें मन एका वेळीं दोन ठिकाणीं राहत नाहीं, आणि मनाची चलबिचल थेट पायाखालच्या पट्टीवर उमटते. अनेक वर्षें खटपट करून त्यांनीं वेग एकसारखा राखणारी युक्ति सिद्ध केली व १९५० सालीं तिचें पेटंट मिळविलें. १९५८ सालीं क्रायस्लर कंपनीनें ती आपल्या गाड्यांत बसविली आणि तिला नांव दिलें 'ऑटो-पायलट'. वास्तविक त्या यंत्राला ना डोळे होते ना कान. समोर भिंत आली असती तरी तें त्याच वेगानें तिच्यावर गेलें असतें. पण नांव मात्र सारथ्याचें! नांवाचा मोठेपणा आणि यंत्राचें लहानपण यांमधील हें अंतर पुढें किती महाग पडलें, तें येथें पाहावयाचें आहे.

चालकाच्या हातून चाक काढून घ्यावें ही कल्पना मात्र याहूनहि जुनी. १९३९ सालीं न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनांत नॉर्मन बेल गेडिस या कल्पक कलावंतानें जनरल मोटर्स कंपनीकरितां भविष्यकाळच्या रस्त्यांचा एक विस्तीर्ण देखावा उभारला होता. पुढील वर्षीं लिहिलेल्या आपल्या पुस्तकांत त्यानें असें भाकित केलें कीं, १९६० सालच्या गाड्यांत माणसाच्या चुका दुरुस्त करणारीं साधनें असतील. या स्वप्नाच्या बुडाशीं एक गृहीत कृत्य होतें. तें असें कीं, गाडी निर्दोष असते, रस्ता निर्दोष असतो, चुकतो तो माणूस. कारखानदारांना हें मत सोयीचें होतें हें सांगावयास नकोच. १९६५ सालीं राल्फ नेडर यांच्या ग्रंथानें त्याला जोराचा धक्का दिला आणि दुसऱ्याच वर्षीं अमेरिकेंत वाहनांच्या सुरक्षिततेचा कायदा झाला. तरीहि तें मत मेलें नाहीं. २०१५ सालीं तेथील सरकारी खात्यानें एक आंकडा प्रसिद्ध केला : शंभरांतील ९४ अपघातांत अखेरचें निर्णायक कारण चालकाकडे जातें. अखेरचें कारण म्हणजे संपूर्ण कारण नव्हे, असा खुलासा त्याच टिपणांत होता. पण खुलासे कोण वाचतो? आंकडा तेवढा जगभर फिरला, आणि 'माणूस काढा म्हणजे अपघात गेले' हें त्यावरून काढलेलें अनुमानहि त्याच्याबरोबर फिरलें.

यंत्राला डोळे देण्याचा एक आरंभींचा प्रयोग १९५९ सालचा. कॅडिलॅकच्या 'सायक्लोन' नांवाच्या नमुन्याच्या गाडीला विमानासारखीं दोन टोंकदार नाकें होतीं आणि त्यांत रडार बसविलें होतें. पुढें कांहीं आडवें आलें तर त्यानें चालकाला इशारा द्यावयाचा. ती गाडी बाजारांत आली नाहीं. मर्सिडीझनें १९९९ सालीं पुढील गाडीपासून अंतर राखणारें रडार आणलें, होंडानें २००३ सालीं जपानमध्यें स्वतःहून ब्रेक लावणारी योजना आणली, आणि २००८ सालीं व्हॉल्वोनें शहरांतील मंद वाहतुकीसाठीं तशीच सोय केली. या साधनांचा उपयोग खरा आहे, तो नाकारणें अन्यायाचें होईल. पुढच्या गाडीवर मागून आदळण्याचे प्रकार स्वयंचलित ब्रेकानें सुमारें निम्म्यानें कमी होतात, असें अमेरिकेंतील विमा कंपन्यांच्या महामार्ग-सुरक्षा संस्थेस आढळलें आहे. परंतु त्याच संस्थेला २०२२ सालीं असेंहि दिसून आलें कीं, जेथें रस्त्यावर दिवे नाहींत तेथें रात्रीच्या काळोखांत पायीं चालणाऱ्यांना या ब्रेकाचा लाभ जवळजवळ मिळत नाहीं.

असें कां व्हावें? रस्त्यावरील प्रत्येक वस्तु रडारला प्रतिध्वनि देते : वरची पाटी, कडेचा कठडा, उभी मोटार, गटाराचें लोखंडी झांकण. या प्रत्येकाला भिऊन गाडी थांबूं लागली तर ती दहा पावलेंहि जाणार नाहीं, आणि वेगांत एकदम थांबली तर मागून येणारा तिच्यावर आदळेल. म्हणून यंत्र करणाऱ्याला आधींच ठरवावें लागतें कीं, काय पाहिलें न पाहिल्यासारखें करावयाचें. स्थिर वस्तूंचे पुष्कळसे प्रतिध्वनि अशा रीतीनें टाकून दिले जातात. पहारेकऱ्यानें मांजराच्या प्रत्येक चाहुलीला आरोळी ठोकूं नये, आणि चोर मात्र एकहि सोडूं नये, अशी ही अपेक्षा आहे. ती पुरी होत नाहीं.

७ मे २०१६ रोजीं फ्लॉरिडांतील विलिस्टन गांवाजवळ टेस्ला कंपनीची एक गाडी आडव्या वळणाऱ्या मालमोटारीच्या उंच पेटीखालून आरपार गेली व चालक ठार झाला. गाडीचा वेग ताशीं ७४ मैल होता. ब्रेक ना माणसानें लावला, ना यंत्रानें. तेजस्वी आकाशाच्या पार्श्वभूमीवर ती पांढरी पेटी दोघांनाहि दिसली नाहीं, असें कंपनीनें सांगितलें. राष्ट्रीय वाहतूक-सुरक्षा मंडळाला चौकशींत कळलें तें असें कीं, बाजारांतील त्या वेळचीं अशीं साधनें आडव्या जाणाऱ्या वाहनासाठीं मुळीं योजिलेलींच नव्हतीं. आणि यंत्र चालू असलेल्या ३७ मिनिटांत चालकाचे हात चाकावर केवळ २५ सेकंद असल्याची नोंद होती. मालमोटारवाल्यानें वाट दिली नाहीं हा दोष मंडळानें नोंदविलाच; पण इतका वेळ बेसावध राहूं देणारी यंत्राची घडणहि त्यानें कारणांत धरली. या यंत्राचें नांव होतें 'ऑटोपायलट'. क्रायस्लरचा जुना शब्द अनेक वर्षांनीं परत आला होता.

आपल्याकडे गाडीवान झोंपला तरी बैल घरची वाट धरतात. पण बैलाला स्वतःचा जीव प्यारा असतो, आणि खड्डा दिसला तर तो थबकतो. मोटारीच्या यंत्राला जीव नाहीं, म्हणून त्याच्यावर लक्ष ठेवावयास माणूस बसवावा लागतो. आणि नेमकें हेंच काम माणसाला साधत नाहीं. दुसऱ्या महायुद्धांत रडारच्या पडद्यापुढें बसणारे सैनिक खुणा कां चुकवितात, याचा शोध नॉर्मन मॅकवर्थ यांनीं केंब्रिज येथें घेतला. घड्याळासारख्या तबकडीवरील कांट्याची क्वचित् पडणारी दुहेरी उडी टिपावयाची, एवढेंच काम. तरी पहिल्या अर्ध्या तासांतच माणसें चुकूं लागलीं. हा निष्कर्ष १९४८ सालीं प्रसिद्ध झाला. पुढें १९८३ सालीं लिझेन बेनब्रिज या विदुषीनें दाखवून दिलें कीं, सोपें काम यंत्राला देऊन अवघड तेवढें माणसाकडे ठेवलें, तर संवयीअभावीं त्याचें कौशल्य गंजतें आणि संकटाच्या क्षणींच तें अपुरें पडतें.

हें सर्व ठाऊक असूनहि २०१८ सालीं ॲरिझोनांतील टेंपी येथें जें घडलें तें घडलें. १८ मार्चच्या रात्रीं दहाच्या सुमारास उबर कंपनीची, स्वतः चालणारी म्हणून चांचणीवर असलेली व्हॉल्वो गाडी ताशीं ४० मैलांच्या आसपास वेगानें जात होती. एक स्त्री हातांत सायकल धरून रस्ता ओलांडत होती. तेथें पायवाटेच्या खुणा नव्हत्या. येथें यंत्र आंधळें नव्हतें. आघातापूर्वीं ५.६ सेकंद त्याला ती दिसली होती, आणि एवढ्या वेळांत गाडी तीनशें फुटांहून अधिक जाते. पण खुणा नसतांना कोणी पायीं रस्ता ओलांडील हें त्याच्या कर्त्यांनीं जमेसच धरलें नव्हतें. यंत्रानें तिला एकदां वाहन म्हटलें, एकदां 'अन्य वस्तु' म्हटलें, एकदां सायकल म्हटलें. आणि प्रत्येक नव्या नांवासरशीं तिच्या चालीची आधींची नोंद तें विसरून गेलें. १.२ सेकंद उरले असतां टक्कर अटळ असें त्याला उमगलें. तेव्हांहि तें एक सेकंद मुद्दाम स्वस्थ राहिलें, कारण खोट्या इशाऱ्यांवर उगाच ब्रेक लागूं नये म्हणून तशी तजवीजच केलेली होती.

व्हॉल्वोचा मूळचा स्वयंचलित ब्रेक त्या गाडींत होता. उबरचें यंत्र चालू असतांना तो बंद राहील अशी व्यवस्था होती. व्हॉल्वोनें मागाहून गणितानें वीस प्रकारें तो प्रसंग पुन्हा मांडला, तेव्हां त्यांतील सतरांत टक्कर टळली असती असें निघालें. गाडींत पूर्वीं दोन माणसें बसत. कंपनीनें आदल्या वर्षीं त्यांतील एक कमी केलें होतें. जी एक बाई उरली, ती फोनच्या पडद्याकडे पाहत होती.

मंडळानें २०१९ सालीं दिलेल्या अहवालांत देखरेख करणाऱ्या या बाईची गफलत हें मुख्य कारण धरलें, आणि तिच्या पाठोपाठ कंपनीची ढिली शिस्त, ॲरिझोना सरकारची अपुरी देखरेख व ओलांडणाऱ्या स्त्रीचा दोष यांचीहि नोंद केली. न्यायालयापुढें ही यादी लहान झाली. कंपनीवर फौजदारी गुन्हा होत नाहीं असें सरकारी वकिलांनीं २०१९ सालींच कळविलें होतें. ब्रेक बंद ठेवणारे, एक सेकंदाचें मौन ठरविणारे, दुसरें माणूस उतरविणारे, हे सर्व कचेरींत दिवसाउजेडीं जागेपणीं बसलेले होते. त्यांच्या निर्णयांना 'चालकाची चूक' हें नांव देतां येत नव्हतें. तें नांव ज्या एकटीला लागूं पडलें, तिनें जुलै २०२३ मध्यें अपराध कबूल केला आणि तिला तीन वर्षांच्या देखरेखीची शिक्षा झाली.