लिंबू फुलपाखरू

लिंबू फुलपाखरू (शास्त्रीय नाव: पॅपिलिओ डेमोलिअस) हे पॅपिलिओनिडी कुळातील मोठ्या आकाराचे फुलपाखरू आहे. लिनियसने १७५८ मध्ये त्याचे वर्णन केले. अरबस्तानापासून भारत, आग्नेय आशिया व ऑस्ट्रेलियापर्यंत ते आढळते. महाराष्ट्रात लिंबू किंवा कढीपत्त्याचे झाड असलेल्या परसात ते सहज दिसते.

वर्णन

पंखांचा विस्तार सुमारे ८ ते १० सेंमी. असतो. काळ्या पंखांवर फिकट पिवळ्या ठिपक्यांची दाट नक्षी असून मागील पंखाच्या आतल्या कोपऱ्यात विटकरी लाल ठिपका व त्यालगत निळी छटा असते. या कुळातील अनेक फुलपाखरांना असणारे शेपटीसारखे टोक याला नसते. ते फुलातील मध पिताना पंख सतत फडफडवत राहते. म्हणून त्याची नक्षी नीट पाहायची तर संध्याकाळी झुडपावर विसावलेले फुलपाखरू गाठावे. ओलसर मातीवर क्षार शोषण्यासाठी नरांचे थवे जमतात.

जीवनक्रम

मादी कोवळ्या पानांवर फिकट पिवळी, गोल अंडी एकेक करून घालते. लहान अळी तपकिरी-काळी असून तिच्यावर पांढरे पट्टे असतात, त्यामुळे ती पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते. हे सोंग इतके हुबेहूब असते की माळ्याचीही फसगत होते. शेवटच्या अवस्थेत ती हिरवी होऊन पानांत मिसळून जाते. डिवचल्यास डोक्यामागून दोन फाट्यांचा मांसल अवयव बाहेर काढून ती उग्र वास सोडते. कोष रेशमी धाग्याने फांदीला बांधलेला असतो. परिसराप्रमाणे तो हिरवा किंवा तपकिरी होतो.

कीड म्हणून

अळ्या लिंबू, संत्रे, मोसंबी, बेल व कढीपत्ता यांची पाने खातात. मोठ्या झाडाला सहसा फारसा धक्का लागत नाही. खरे नुकसान रोपवाटिकेत व नव्या बागेत होते. तेथे मोजक्या अळ्याही कलमाची सारी नवती फस्त करून केवळ शिरा शिल्लक ठेवतात. विदर्भातील संत्रा उत्पादक या अळीला प्रमुख किडींत गणतात, ते त्यामुळेच. कॅरिबियन बेटांवर हे फुलपाखरू २००४ मध्ये प्रथम आढळले आणि तेथील बागाईतदारांनाही त्याची चिंता लागली.

रोपे थोडी असतील तर अळ्या हाताने वेचणे पुरेसे असते. मोठ्या क्षेत्रावर बॅसिलस थुरिंजिएन्सिस हे जैविक कीटकनाशक अळ्या लहान असतानाच फवारतात. अंड्यांवर व कोषांवर जगणाऱ्या सूक्ष्म गांधीलमाश्याही किडीला आवर घालतात. सरसकट रासायनिक फवारणीने त्यांचाही नाश होतो. परसातल्या वाढलेल्या कढीपत्त्यावर चार-दोन अळ्या राहू दिल्या तरी झाड पुन्हा पालवते. रोपावरची अळी अशा झाडावर नेऊन सोडल्यास तिची वाढ तेथेही पूर्ण होते.